उशिरा ऐकणारं हृदय

१९६०च्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात, रॉचेस्टरच्या मेयो क्लिनिकमध्ये डेव्हिड डोनाल्ड आणि जॉन शेफर्ड हे संशोधक शर्यतीच्या ग्रेहाउंड कुत्र्यांवर प्रयोग करत होते. धावण्यासाठीच पैदास केलेली ही जात. या कुत्र्यांच्या हृदयाकडे येणारे सगळे मज्जातंतू त्यांनी शस्त्रक्रिया करून तोडले, जखमा भरू दिल्या आणि कुत्र्यांना पुन्हा सुमारे अर्ध्या किलोमीटरच्या शर्यतीत पळवलं. मेंदूशी संबंध तुटलेलं हृदय धावत्या शरीराला पुरं पडेल का, हे त्यांना पाहायचं होतं. १९६४ साली प्रसिद्ध झालेलं उत्तर भल्याभल्यांना चकित करणारं होतं. कुत्र्यांचा वेग जेमतेम ५ टक्क्यांच्या आसपास घटला होता. पुढच्या प्रयोगात अशाच कुत्र्यांना ॲड्रिनलिनचा हृदयावरचा परिणाम रोखणारं औषध दिलं, तेव्हा मात्र त्यांची धाव साफ कोलमडली.

म्हणजे मज्जातंतू नसले तरी हृदय धावू शकतं, पण मग त्याला रक्तातून येणाऱ्या रसायनांचा आधार लागतो. माणसाच्या छातीत दुसऱ्याचं हृदय बसवलं गेलं त्या सुमारासच हे कळून चुकलं होतं. ३ डिसेंबर १९६७ रोजी केपटाऊनमध्ये क्रिस्तियान बर्नार्ड यांनी पहिलं मानवी हृदय प्रत्यारोपण केलं. तो रुग्ण १८ दिवस जगला. जानेवारी १९६८मधला त्यांचा दुसरा रुग्ण दीड वर्षाहून जास्त जगला. आज प्रत्यारोपणानंतर दहा-बारा वर्षं जगणं ही सर्वसाधारण अपेक्षा झाली आहे. इतकी वर्षं हाताशी असतील तर ती पलंगावर काढायची की चालत्या-फिरत्या अवस्थेत, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. त्याचं उत्तर शोधायचं तर हे हृदय व्यायामाला कसा प्रतिसाद देतं ते नीट समजून घ्यायला हवं.

शस्त्रक्रियेत काय तुटतं

दात्याचं हृदय काढताना त्याला जोडलेल्या मोठ्या रक्तवाहिन्या कापाव्या लागतात. रुग्णाच्या छातीत त्या पुन्हा एकेक करून शिवता येतात. हृदयाकडे येणारे मज्जातंतू मात्र इतके बारीक आणि विखुरलेले असतात की ते जोडायची सोय आजही नाही. त्यामुळे नवं हृदय पहिल्या दिवसापासून मेंदूशी थेट संबंध नसतानाच काम करतं.

तसं ते करू शकतं, कारण ठोक्याचा उगम मेंदूत नसतो. हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्याच्या भिंतीत विशिष्ट पेशींचा एक लहानसा पुंजका असतो, त्याला सायनस नोड म्हणतात. तो आपल्या लयीत विजेचे संदेश सोडतो आणि प्रत्येक संदेशागणिक हृदय आकुंचन पावतं. मेंदू ही लय निर्माण करत नाही, फक्त कमी-जास्त करतो. त्यासाठी त्याच्याकडे दोन प्रकारचे मज्जातंतू असतात. व्हेगस नावाचा मज्जातंतू लय मंदावतो, तर अनुकंपी चेतासंस्थेचे तंतू ती वाढवतात आणि ठोक्यांना जोरही देतात.

निरोगी माणूस शांत बसलेला असतो तेव्हा व्हेगसचा अंमल चालू असतो, म्हणून नाडी मिनिटाला ६० ते ८० च्या दरम्यान राहते. प्रत्यारोपणात हा अंमल संपतो आणि सायनस नोडची मूळची लय उघडी पडते. त्यामुळे स्वस्थ पडलेल्या रुग्णाचीही नाडी बहुधा ९० ते ११० भरते. वयानुसार सायनस नोडची मूळ लय हळूहळू उतरते, म्हणून हा आकडा रुग्णाच्या वयापेक्षा दात्याच्या वयाशी जास्त जुळतो. पहिल्यांदा घरी आल्यावर नातेवाईक मनगटाला बोटं लावतात आणि घाबरतात. डॉक्टरांच्या लेखी मात्र ही नाडी अपेक्षितच असते.

रात्री गाढ झोपेत निरोगी हृदय जितकं संथ होतं तितकं हे होत नाही. शेजारी अचानक फटाका वाजला तर माणूस दचकतो, पण छातीत लगेच धस्स होत नाही. धडधड सुरू होते ती काही वेळानं, भीती ओसरू लागल्यावर. हाच उशीर व्यायामात सगळ्यात स्पष्ट दिसतो.

पहिली पाच मिनिटं

बसलेला निरोगी माणूस उठून झपाझप चालायला लागला की पहिल्या काही सेकंदांतच त्याची नाडी वाढते. व्हेगस आपला अंमल सैल करतो, मागोमाग अनुकंपी तंतू कामाला लागतात. पाय पहिली दहा-वीस पावलं टाकेपर्यंत हृदयाची तयारी झालेली असते.

प्रत्यारोपित हृदयाच्या माणसाला ट्रेडमिलवर चालायला लावलं तर पहिली काही मिनिटं पडद्यावरचा नाडीचा आकडा जवळजवळ हलत नाही. स्नायूंची ऑक्सिजनची मागणी मात्र वाढलेली असते. तरीही माणूस कोसळत नाही, कारण हृदयाकडे मज्जातंतूंशिवाय चालणारी एक जुनी व्यवस्था आहे. म्युनिकमध्ये ओटो फ्रँक यांनी १८९५ साली बेडकाच्या हृदयावर आणि पुढे लंडनमध्ये अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी कुत्र्याच्या हृदयावर ती दाखवून दिली. हृदयाच्या कप्प्यात जितकं जास्त रक्त भरतं, तितके त्याच्या भिंतीचे स्नायूतंतू ताणले जातात आणि पुढचं आकुंचन तितकंच जोरकस होतं. चालताना पोटऱ्या आणि मांड्यांचे स्नायू दर पावलाला शिरा दाबतात, त्यांतलं रक्त वर ढकललं जातं आणि हृदयात जास्त भरतं. ठोक्यांची संख्या तीच राहिली तरी प्रत्येक ठोक्यात बाहेर पडणारं रक्त वाढतं. सुरुवातीचा भार अशा प्रकारे पायच उचलून धरतात.

दुसरी मदत मूत्रपिंडांच्या डोक्यावर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींकडून येते. श्रम सुरू झाल्याचा मेंदूचा निरोप या ग्रंथींना नेहमीसारखाच मिळतो, कारण त्यांचे मज्जातंतू कुणी तोडलेले नसतात. त्या ॲड्रिनलिन रक्तात सोडतात आणि ते रक्तासोबत वाहत हृदयापर्यंत पोचतं. त्याचं प्रमाण पुरेसं वाढायला वेळ लागतो. साधारण तीन ते पाच मिनिटांनी नाडी चढू लागते आणि मग हळूहळू चढतच जाते. पाटाला पाणी सोडलं की शेवटच्या वाफ्यापर्यंत पोचायला वेळ लागतो आणि दार बंद केलं तरी पाटात शिल्लक असलेलं पाणी वाहतच राहतं. मज्जातंतू नसलेल्या हृदयाचं व्यायामातलं वागणं, सुरुवातीचंही आणि शेवटचंही, असंच असतं.

या उशिराचा एक सुरेख पुरावा काही रुग्णांच्या ईसीजीतच सापडतो. स्टॅनफर्डमध्ये नॉर्मन शमवे आणि रिचर्ड लोअर यांनी १९६०च्या सुमारास बसवलेल्या मूळ पद्धतीत रुग्णाच्या जुन्या हृदयाच्या वरच्या कप्प्यांचा मागचा भाग तसाच ठेवून त्याला नवं हृदय शिवलं जायचं. त्या उरलेल्या भागात रुग्णाचा स्वतःचा सायनस नोड त्याच्या मज्जातंतूंसकट शाबूत राहायचा. अशा रुग्णाच्या ईसीजीवर वरच्या कप्प्यांच्या दोन वेगवेगळ्या लाटा दिसतात, एक जुन्या नोडची आणि एक नव्या नोडची. टाक्यांच्या रेषेपलीकडे वीज जात नसल्यामुळे जुन्या नोडचा हुकूम नव्या हृदयाला लागू होत नाही. हा माणूस चालू लागला की जुन्या नोडच्या लाटा लगेच भराभर येऊ लागतात, नव्याच्या मात्र आपल्या चालीनंच येत राहतात. मेंदूचं ऐकणारा आणि न ऐकणारा असे दोन नोड एकाच छातीत, एकाच कागदावर शेजारी-शेजारी उमटतात. पुढे १९९०च्या दशकात मोठ्या शिरा वेगवेगळ्या शिवायची पद्धत रूढ झाली. तिच्यात जुन्या हृदयाचा हा भाग फारसा उरत नाही, त्यामुळे हे दृश्यही विरळ झालं आहे.

थांबल्यावरही न थांबणारे ठोके

व्यायाम थांबला की निरोगी माणसाची नाडी पहिल्याच मिनिटात झपाट्यानं उतरते, कारण व्हेगस पुन्हा अंमल बसवतो. प्रत्यारोपित हृदयाला आवरणारं असं कुणी नसतं. रक्तातलं ॲड्रिनलिन विरेपर्यंत ते पळतच राहतं. बऱ्याच रुग्णांत नाडीचा सर्वांत मोठा आकडा व्यायाम थांबल्यानंतरच्या मिनिटा-दोन मिनिटांत नोंदला जातो. सोफ्यावर येऊन बसलेला माणूस घाम पुसतोय आणि छाती मात्र अजून धावतेय, असा अनुभव रुग्ण सांगतात. नाडी पूर्वपदावर यायला बराच वेळ लागतो.

यातून व्यायामाचा पहिला नियम निघतो. सुरुवात संथ हवी आणि शेवटही संथ हवा. किमान पाच-दहा मिनिटं हळू चालून ॲड्रिनलिनला पोचायला सवड द्यायची, मग वेग वाढवायचा. थांबतानाही तितकाच वेळ हळू चालायचं. एकदम थांबून उभं राहिलं तर पायांच्या स्नायूंचं रक्त वर ढकलणं बंद पडतं, पायांतल्या रुंदावलेल्या रक्तवाहिन्यांत रक्त साचतं आणि भोवळ येऊ शकते. पलंगावरून झटकन उठतानाही हेच होतं. उठल्याबरोबर नाडी वाढवून रक्तदाब सावरायची सोय या हृदयाकडे नसते. म्हणून आधी उठून बसावं, पाय हलवावेत, मग उभं राहावं.

रक्तदाबासाठी किंवा ठोक्यांच्या तक्रारीसाठी दिली जाणारी बीटा ब्लॉकर जातीची औषधं ॲड्रिनलिनचाच परिणाम अडवतात. निरोगी माणसापेक्षा प्रत्यारोपित हृदयाला ती जास्त जाचतात, कारण वेग वाढवायचा त्याचा मुख्य मार्गच त्यांनी अडतो. ग्रेहाउंड कुत्र्यांवरच्या दुसऱ्या प्रयोगात नेमकं हेच दिसलं होतं. म्हणून ही औषधं देताना डॉक्टर फायदा-तोटा तोलून पाहतात, आणि रुग्णानं ती आपल्या मनानं सुरू किंवा बंद करू नयेत.

दम हृदयाचा की पायांचा

माणसाची श्रम करायची क्षमता मोजायची एक पक्की पद्धत आहे. तोंडावर मास्क लावून त्याला ट्रेडमिलवर किंवा सायकलवर शक्य तितके श्रम करायला लावायचे आणि त्याचं शरीर मिनिटाला किती ऑक्सिजन वापरतं ते पाहायचं. प्रत्यारोपणाच्या यादीत नाव घालताना डॉक्टर बऱ्याचदा हाच आकडा बघतात. तो वजनाच्या दर किलोमागे मिनिटाला १४ मिलिलिटरच्या खाली, आणि बीटा ब्लॉकर चालू असतील तर १२ च्या खाली असेल, तर हृदय फारच थकलं आहे असं समजतात. प्रत्यारोपणानंतर आकडा वाढतो, पण अनेक रुग्णांत तो निरोगी समवयस्काच्या ५० ते ७० टक्क्यांच्या आसपास अडकून राहतो.

नाडीचा कमाल वेग कमी पडतो, हे त्याचं एक कारण. नवं हृदय काहीसं ताठर असतं आणि श्रमाच्या वेळी हवं तितकं सैलावून रक्त भरून घेत नाही, हे दुसरं. तिसरं कारण छातीच्या बाहेर, स्नायूंत असतं. हृदय निकामी होत असताना रुग्णानं महिनोन्महिने, काही वेळा वर्षानुवर्षं श्रम टाळलेले असतात. मांड्या वाळलेल्या असतात, स्नायूंतल्या सूक्ष्म रक्तवाहिन्या विरळ झालेल्या असतात आणि ऑक्सिजन जाळून ऊर्जा देणारी पेशींची यंत्रणा मंदावलेली असते. हृदय बदलल्यानं हे आपोआप दुरुस्त होत नाही. शिवाय परकं हृदय शरीरानं नाकारू नये म्हणून घ्याव्या लागणाऱ्या स्टेरॉइडच्या गोळ्या मांड्या आणि खांद्यांचे स्नायू अशक्त करतात. प्रतिकारशक्ती आवरणारी इतर काही औषधंही स्नायूंच्या कामावर परिणाम करतात. परिणामी नवं हृदय पुरेसं रक्त पाठवत असलं तरी पायांना त्यातला ऑक्सिजन नीट उचलून घेता येत नाही. मांडी घालून बसल्यावर उठताना हात टेकावा लागणं, जिन्याच्या कठड्याला धरून चढावं लागणं, या तक्रारींचा उगम पुष्कळदा छातीत नसतो, मांडीत असतो.

रुग्णाला आणि घरच्यांना हे समजावून सांगणं महत्त्वाचं आहे. दम लागला की सगळ्यांना नव्या हृदयाचीच शंका येते. मग विश्रांती वाढते, विश्रांतीनं स्नायू आणखी वाळतात, पुढच्या वेळी दम आणखी लवकर लागतो. औषधानं हे चक्र तुटत नाही. त्यासाठी चालावंच लागतं.

चालण्याचा औषधासारखा उपयोग

पूर्वी प्रत्यारोपणानंतर व्यायाम सांगताना डॉक्टर बिचकत असत. टोरांटोमध्ये टेरेन्स कव्हाना यांनी १९८०च्या दशकात अशा रुग्णांना शिस्तीत चालायला आणि पुढे हळू धावायला लावलं. त्यांच्या एका रुग्णानं बोस्टन मॅरेथॉन पुरी केली आणि त्याची हकिगत वैद्यकीय नियतकालिकात नोंदली गेली.

एखाद्याचं उदाहरण मात्र पुरावा ठरत नाही. पुरावा १९९९ साली लॉस एंजेलिसहून आला. जॉन कोबाशिगावा यांच्या गटानं नुकतंच प्रत्यारोपण झालेल्या २७ रुग्णांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी विभागणी केली. एका गटाला सहा महिने देखरेखीखाली व्यायाम दिला, दुसऱ्याला घरी करायचा साधा सल्ला. सहा महिन्यांनी पहिल्या गटाची ऑक्सिजन वापरायची क्षमता ४९ टक्क्यांनी वाढली होती, दुसऱ्याची १८ टक्क्यांनी. दोन्ही गटांना नवं हृदय मिळालं होतं, दोघांचे दिवसही सारखेच गेले होते. उरलेला फरक व्यायामाचा होता.

त्यानंतर प्रश्न आला तो जोरकस व्यायामाचा. उशिरा वेग घेणाऱ्या हृदयाला थोडा वेळ जोरात, थोडा वेळ संथ असा आलटून-पालटून व्यायाम झेपणारच नाही, असा समज होता. नॉर्वेतल्या करी निट्रोएन आणि सहकाऱ्यांनी स्कँडिनेव्हियातल्या ८१ रुग्णांना सोबत घेऊन तो तपासला. प्रत्यारोपणानंतर साधारण तिसऱ्या महिन्यात सुरुवात करून नऊ महिने एका गटाला असा जोरकस व्यायाम दिला, दुसऱ्याला मध्यम गतीचा. २०१९ साली आलेल्या निष्कर्षांनुसार जोरकस गटाची क्षमता २५ टक्क्यांनी वाढली, मध्यम गटाची १५ टक्क्यांनी. पायांची ताकदही पहिल्या गटात जास्त सुधारली आणि या व्यायामामुळे गंभीर अपाय झाल्याचं आढळलं नाही. अर्थात हे सगळं तज्ज्ञांच्या देखरेखीखाली झालं होतं. वाचून आपल्या मनानं धावत सुटायचा हा परवाना नाही.

हाडांचीही एक बाजू आहे. स्टेरॉइडमुळे हाडं झपाट्यानं विरळ होतात. फ्लोरिडातल्या रँडी ब्रेथ यांच्या १९९६च्या अभ्यासात प्रत्यारोपणानंतर दोनच महिन्यांत रुग्णांच्या कमरेच्या मणक्यांची घनता १२ टक्क्यांहून जास्त घटलेली दिसली. पुढे सहा महिने वजनांचा व्यायाम केलेल्यांमध्ये ती जवळपास मूळ पातळीला आली, न केलेल्यांमध्ये आली नाही. हे काम नुसत्या चालण्यानं होत नाही. स्नायूंना आणि हाडांना भार लागतो. शस्त्रक्रियेत कापलेलं छातीचं हाड सांधायला मात्र साधारण तीन महिने लागतात. तोवर जड पिशवी उचलणं, दार जोरानं ढकलणं, छाती ताणणारी आसनं, दोन्ही हातांवर शरीराचा भार देणं टाळायचं असतं. त्यानंतर हलक्या वजनांनी, श्वास न कोंडता सुरुवात करता येते.

न दुखणारी छाती

मज्जातंतू दोन्ही दिशांनी निरोप नेतात. मेंदूचे हुकूम हृदयाकडे जायचे बंद होतात तसं हृदयाचं दुखणं मेंदूकडे यायचंही बंद होतं. प्रत्यारोपणानंतरच्या वर्षांत नव्या हृदयाच्या रक्तवाहिन्या सर्व बाजूंनी जाड होऊन अरुंद होण्याचा धोका असतो. दुसऱ्या कुणाला अशा वेळी चालताना छातीत कळ येते आणि तो डॉक्टरांकडे धावतो. प्रत्यारोपण झालेल्या माणसाला ही कळ बहुतेक वेळा येतच नाही. म्हणून तक्रार नसतानाही ठरावीक काळानं अँजिओग्राफी आणि इतर तपासण्या कराव्या लागतात.

व्यायाम करणाऱ्यानं दुसऱ्या खुणा ओळखायला शिकायचं असतं. गेल्या आठवड्यात सहज चढलेल्या जिन्यावर आज धाप लागणं, रोजच्या फेरीत अकारण थकवा, पायांवर सूज, एक-दोन दिवसांत वाढलेलं वजन, ठोके चुकल्यासारखं वाटणं, ताप. यांतलं काही दिसलं तर त्या दिवशीचा व्यायाम बंद ठेवून प्रत्यारोपण केंद्राला फोन करायचा. शरीर नवं हृदय नाकारू लागलं असलं तरी सुरुवातीला एवढंच जाणवू शकतं. रोज ठरलेल्या वाटेनं चालणाऱ्याला असा फरक लवकर कळतो, हा नियमित चालण्याचा एक अनपेक्षित फायदा.

नाडी सोडून काय मोजायचं

बहुतेक व्यायामशाळांत भिंतीवर नाडीचा कमाल वेग काढायचं २२० वजा वय हे सूत्र टांगलेलं असतं आणि मनगटावरची घड्याळंही असल्याच हिशोबावर चालतात. प्रत्यारोपित हृदयाला, निदान पहिल्या वर्षभरात, ते लागू पडत नाही. विश्रांतीतला आकडा आधीच मोठा, श्रमातला छोटा आणि तोही उशिरा येणारा. घड्याळाचं ऐकून पहिल्या मिनिटातच वेग वाढवणारा माणूस पायांना ऑक्सिजन पोचायच्या आत दमून बसेल.

त्याऐवजी आपल्याला किती श्रम होताहेत हे स्वतःला विचारायचं. स्वीडनच्या गुन्नार बोर्ग यांनी यासाठी ६ ते २० अशी एक मोजपट्टी केली. ६ म्हणजे काहीच श्रम नाहीत, २० म्हणजे शक्तीची परिसीमा. पट्टी ६ पासून सुरू व्हायचं कारण मजेशीर आहे. निरोगी तरुण माणसानं सांगितलेल्या आकड्याला १० नं गुणलं की साधारण त्याची नाडी मिळावी, अशी ती बेतली होती. प्रत्यारोपित हृदयात हा गुणाकार जुळत नाही, पण श्रमाची जाणीव खरीच राहते. सुरुवातीच्या काळात ११ ते १४ च्या दरम्यान राहावं, असं सहसा सांगतात. इतकं मोजायचं नसेल तर सोबतच्याशी बोलत चालावं. वाक्य पुरं करता येतंय पण गाणं म्हणता येणार नाही, एवढा वेग पुरतो.

आपल्याकडे जागाही विचार करून निवडावी लागते. औषधांनी प्रतिकारशक्ती दबलेली असल्यामुळे संसर्गाचा धोका कायम असतो. इमारत पाडायचं काम चालू असलेला रस्ता, पडीक गोदामाची धूळ, कबुतरांच्या विष्ठेनं भरलेले चौक आणि गच्च्या टाळाव्यात, कारण तिथून बुरशी फुप्फुसात जाऊ शकते. मुंबई-पुण्यात हे सोपं नाही, तरी सकाळची मोकळी बाग किंवा घरातला लांब व्हरांडा चालतो. गर्दीच्या बंद जिममध्ये पहिले महिने न गेलेलं बरं. विहिरीत किंवा तळ्यात पोहायच्या आधी डॉक्टरांना विचारावं. उन्हाळ्यात दुपारचं ऊन टाळावं. पाणी किती प्यायचं तेही मूत्रपिंडांची स्थिती पाहून डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावं.

मज्जातंतू परततात तेव्हा

तुटलेले मज्जातंतू कायमचे जातात, असं पूर्वी धरून चालत. प्रत्यक्षात काही रुग्णांमध्ये वर्षभरानंतर अनुकंपी तंतू हळूहळू नव्या हृदयात शिरू लागतात. म्युनिकमधल्या फ्रँक बेंगेल आणि सहकाऱ्यांनी २९ रुग्णांच्या हृदयाची पेट स्कॅननं पाहणी केली. मज्जातंतूंची टोकं जे द्रव्य शोषून घेतात त्याच्याशी मिळतंजुळतं किरणोत्सारी द्रव्य टोचून त्यांनी हे तंतू कुठवर वाढलेत ते पाहिलं. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ज्यांच्या हृदयात तंतू परतले होते, त्यांची नाडी श्रमात जास्त वाढत होती, आकुंचन जोरकस होत होतं आणि त्यांना व्यायामही जास्त वेळ करता येत होता.

हे पुनरागमन हृदयाच्या सर्व भागांत सारखं होत नाही आणि सगळ्यांत होत नाही. व्हेगसचे तंतू त्याहून कमी परततात. त्यामुळे एकाच महिन्यात प्रत्यारोपण झालेल्या दोघांचं व्यायामातलं वागणं पाच वर्षांनी अगदी वेगळं असू शकतं. एकाची नाडी तिसऱ्या मिनिटालाही जागची हलत नाही, तर दुसऱ्याची जवळजवळ नेहमीसारखी चढते. काहींना छातीतली कळही पुन्हा जाणवू लागते. ठरावीक काळानं व्यायाम चाचणी करून वेळापत्रक बदलत राहायचं ते यासाठीच.

या मर्यादा ठाऊक असलेल्या माणसांनी केवढी मजल मारली आहे, याची नोंदही आहे. अमेरिकेच्या केली पर्किन्स यांचं प्रत्यारोपण १९९५ साली झालं. २००१ साली त्या किलिमांजारोवर आणि २००३ साली आल्प्समधल्या मॅटरहॉर्नवर चढल्या. अवयव प्रत्यारोपण झालेल्यांच्या जागतिक क्रीडास्पर्धा १९७८ साली इंग्लंडमधल्या पोर्ट्समथ इथं सुरू झाल्या आणि आजही भरतात. ही माणसं विरळा आहेत आणि प्रत्येकानं डोंगर चढायची गरजही नाही. प्रत्यारोपित हृदयाची कमाल मर्यादा आपण समजतो त्याहून पुष्कळ वर आहे, एवढं त्यांच्यावरून कळतं.

महाराष्ट्राचा या विषयाशी संबंध फार जुना आहे. बर्नार्ड यांच्या पहिल्या शस्त्रक्रियेला तीन महिनेही झाले नव्हते, तेव्हा फेब्रुवारी १९६८मध्ये परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी भारतातलं पहिलं हृदय प्रत्यारोपण केलं. रुग्ण काही तासच जगला. दात्याकडून हृदय घेण्यासाठी मेंदूमृत्यूला कायद्याची मान्यता लागते, ती मिळेपर्यंत पुढे २६ वर्षं गेली. १९९४ साली अवयव प्रत्यारोपणाचा कायदा झाला आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. पी. वेणुगोपाल यांनी देशातलं पहिलं यशस्वी हृदय प्रत्यारोपण केलं. मुंबईत हे पर्व पुन्हा सुरू व्हायला ऑगस्ट २०१५ उजाडला. त्या वेळी पुण्यातल्या दात्याचं हृदय मुंबईला आणून मुलुंडमध्ये बसवण्यात आलं.

रस्ते मोकळे करून हृदय काही मिनिटांत शहर ओलांडतं तेव्हा त्याची बातमी होते. त्यानंतर रुग्ण घरी येतो आणि घरचे मायेपोटी त्याला जपू लागतात. पाण्याचा पेला हातात दिला जातो, जिना चढू दिला जात नाही, नाडी ९५ दिसली की झोपायला सांगितलं जातं. हृदयाचा पेशंट म्हणजे विश्रांती, हे आपल्या मनात पक्कं बसलेलं असतं. या रुग्णाला नेमकी उलट गोष्ट हवी असते. सोबत चालणारं माणूस, पहिली दहा मिनिटं हळू चालायचा धीर आणि मांड्यांत ताकद येईपर्यंत रोजचा सराव. प्रत्यारोपण करणाऱ्या केंद्रांमध्ये फिजिओथेरपिस्ट असतात आणि असं वेळापत्रक आखणं हा त्यांच्या कामाचाच भाग असतो. डिस्चार्जच्या कागदावर गोळ्यांच्या वेळा लिहिलेल्या असतात. त्याच कागदावर चालण्याच्या वेळाही आग्रहानं लिहून घ्याव्यात, आणि गोळीइतक्याच काटेकोरपणे पाळाव्यात.